हार्वी वादळ, पेट्रोलचा भाव आणि ‘किनाऱ्यावरच्यांची चांदी’

मेक्सिकोच्या आखातात जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम असतो. त्या काळात एखादे मोठे वादळ बातम्यांत झळकले की ‘अमेरिकी वादळांमागचे खरे अर्थकारण’ अशा मथळ्याचा एक जुना मराठी संदेश पुन्हा फिरू लागतो. यंदा तो आमच्या काकांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात टाकला. त्याच गटात माझी मामेबहीणही आहे, जिच्या ह्यूस्टनमधील घराच्या तळमजल्यात २०१७ साली हार्वी वादळाचे पाणी शिरले होते. काकांनी संदेशाखाली ‘तुम्हाला सगळे विम्यातून मिळालेच असेल म्हणा’ अशी तिला उद्देशून पुस्तीही जोडली. काकांच्या मनात काही वाईट नव्हते, पण संदेश लिहिणाऱ्याने वाचकाला नेमके हेच म्हणायला शिकवले आहे, आणि त्याबद्दल गप्प बसणे मला जमले नाही.

संदेशातील दावे थोडक्यात असे आहेत. हार्वीच्या दिवसांत कच्चे तेल स्वस्त होत असताना पेट्रोल महाग झाले, म्हणजे तो तेल कंपन्यांचा बनाव होता. पंप कोरडे पडले, तो तुटवडा कृत्रिम होता. सरकारकडे प्रचंड साठा असूनही त्याने तो मुद्दाम अडवून ठेवला. किनाऱ्यावरच्या लोकांना विमा कंपन्या आणि सरकार नवी घरे बांधून देतात, त्यामुळे वादळ म्हणजे त्यांची चांदीच. आणि त्याच वर्षी मुंबईत पेट्रोल ८० रुपयांना टेकले तेही या वादळामुळेच.

पहिल्या दाव्यातील आकडे खरे आहेत, आणि म्हणूनच तो इतक्या सहज पटतो. २५ ऑगस्ट २०१७ रोजी, आपल्याकडे गणेश चतुर्थी होती त्याच तारखेला, हार्वी चौथ्या श्रेणीचे वादळ म्हणून टेक्सासमधील रॉकपोर्टजवळ जमिनीवर आले. त्या दिवशी अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदे बाजारातील भाव पिंपामागे ४८ डॉलरच्या जवळ होता आणि ३० ऑगस्टला तो ४६ डॉलरच्या किंचित खाली उतरला. याउलट अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाच्या साप्ताहिक नोंदीनुसार साध्या पेट्रोलचा देशातील सरासरी भाव २८ ऑगस्टला गॅलनमागे २.४० डॉलर होता, तो पुढच्याच सोमवारी २.६८ डॉलरवर गेला. कच्चा माल उतरला आणि पक्का चढला, हे संदेशकर्त्याला लबाडीचे उघड लक्षण वाटते. मला मात्र ते रिफायनऱ्या बंद पडल्याचे उघड लक्षण वाटते. गावातली पिठाची गिरणी बंद पडली तर बाजारात ज्वारीला गिऱ्हाईक उरत नाही आणि दळलेले पीठ मात्र मिळेनासे होते. त्यासाठी शेतकऱ्याने आणि वाण्याने संगनमत करावे लागत नाही.

हार्वीत नेमके हेच घडले. वादळ पुढे सरकण्याऐवजी कित्येक दिवस त्याच पट्ट्यात घुटमळले. नेदरलँड नावाच्या टेक्सासमधील गावी त्या काळात एकूण ६०.५८ इंच, म्हणजे दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. कॉर्पस ख्रिस्ती, ह्यूस्टन आणि पोर्ट आर्थर या पट्ट्यात रिफायनऱ्यांची जेवढी दाटी आहे तेवढी अमेरिकेत अन्यत्र कोठेही नाही. पोर्ट आर्थर येथील मोटिवा ही देशातील तेव्हाची सर्वांत मोठी रिफायनरी ३० ऑगस्टला पूर्ण बंद करावी लागली. ऊर्जा माहिती विभागाच्याच आकडेवारीप्रमाणे आखाती किनाऱ्यावरील रिफायनऱ्या वादळापूर्वी क्षमतेच्या ९६ टक्के चालत होत्या, त्या १ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यात ६३ टक्क्यांवर आल्या. रोज सुमारे ३२ लाख पिंप कच्चे तेल शुद्ध होणे थांबले, मग त्या तेलाचा भाव पडणार नाही तर काय होणार? बंदरेही बंद असल्यामुळे तेल घेऊन आलेली जहाजे बाहेर खोळंबली, हे त्यात आणखी.

बनावाच्या आरोपाला याहून भक्कम उत्तर एका जुन्या चौकशीत मिळते. ती हार्वीची नाही, २००५ च्या कट्रिना वादळाची आहे. पण आरोप तेव्हाही अक्षरशः हाच होता आणि भाववाढ तर हार्वीपेक्षा मोठी होती: एका आठवड्यात २.६१ डॉलरवरून ३.०७ डॉलर. अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, आदेशावरून फेडरल ट्रेड कमिशन या बाजारातील स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने तपास केला आणि २००६ साली अहवाल दिला. रिफायनऱ्या जाणूनबुजून कमी चालवणे किंवा साठा दाबून ठेवणे अशा प्रकारे भाव बेकायदा फुगवल्याचा पुरावा कमिशनला आढळला नाही. काँग्रेसने ठरवून दिलेल्या व्याख्येत बसतील अशी नफेखोरीची १५ उदाहरणे मात्र त्यात नोंदवलेली आहेत: ७ रिफायनरी कंपन्या, २ घाऊक विक्रेते आणि ६ पंपचालक. त्यांतील बहुतेकांची भाववाढसुद्धा स्थानिक किंवा प्रादेशिक बाजारस्थितीतून समजावून घेता येते, असा निष्कर्ष पुढे आहे.

तेव्हा नफेखोरी होते, हे मी मान्य करतो, थोडे नाखुशीने का होईना. हार्वीच्या वेळीही टेक्सासच्या महान्यायवादींकडे तक्रारींचा पाऊस पडला आणि काही पंपचालकांवर राज्याने खटलेही भरले. पाट्यांवर तिपटीने भाव लावणारे ते लोक होतेच. परंतु हे चौकातले पंपचालक होते आणि संदेशात नाव घेतले आहे ते जागतिक कंपन्यांच्या कटाचे. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. शिवाय कट असता तर वाढवलेला भाव कोणी सुखासुखी सोडला नसता. ऑक्टोबरच्या अखेरीस रिफायनऱ्या पूर्ववत होताच देशातील सरासरी पुन्हा अडीच डॉलरच्या आत आली.

कोरड्या पंपांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. टेक्सासमधल्याच डॅलस शहराला वादळाचा फटका बसला नव्हता, तरी तेथील कितीतरी पंपांवरचे पेट्रोल सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत संपले, कारण तुटवड्याची बातमी ऐकून सगळ्यांनी एकाच वेळी टाक्या भरून घेतल्या. पूर्वेकडील राज्यांना ह्यूस्टनकडून पेट्रोल पुरवणारी कलोनियल ही नळवाहिनीही त्याच सुमारास अंशतः थांबली होती. तीतून ह्यूस्टनचे पेट्रोल न्यूयॉर्क बंदरापर्यंत जायला सरासरी साडेअठरा दिवस लागतात, म्हणजे टेक्सासमधला खंड पूर्वेला उशिरा आणि बराच काळ जाणवतो. तुटवडा खरा होता आणि लोकांच्या धास्तीने तो वाढला, यात कृत्रिम काही नाही.

सरकारी साठ्याचा दावा तर लिहिणाऱ्याने तो साठा कशाचा आहे हेही न पाहता केलेला आहे. टेक्सास आणि लुइझियाना येथील मिठाच्या भूमिगत गुहांत तेव्हा ६५ कोटींहून अधिक पिंपे होती, पण ती कच्च्या तेलाची. रिफायनरी बंद असताना आणखी कच्चे तेल बाहेर काढून ते ओतायचे कोठे? तरीही ज्या रिफायनऱ्या चालू होत्या आणि ज्यांचा पुरवठा तुटला होता, त्यांना सुमारे ५० लाख पिंपे उसनी देण्यात आली. तयार पेट्रोलचा सरकारी साठा ईशान्येकडील राज्यांसाठी होता आणि तो अवघा १० लाख पिंपांचा होता. अमेरिका एका दिवसात साधारण ९० लाख पिंपे पेट्रोल जाळते, यावरून त्या साठ्याचा आवाका कळावा.

आता चौथा दावा, ज्याच्यासाठी खरे तर हे सारे लिहायला घेतले. किनाऱ्यावरच्या लोकांची वादळात चांदी होते, कारण विमा आहे आणि सरकार आहे, हे वाक्य इतके बिनधास्त लिहिलेले आहे की लिहिणाऱ्याने अमेरिकेतील घरविम्याची एकही पॉलिसी उघडून पाहिलेली नसावी. तेथील नेहमीच्या घरविम्यात वाऱ्याने उडालेले छप्पर सहसा बसते, पण पुराचे पाणी बसत नाही. पुरासाठी १९६८ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय पूरविमा योजनेची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, ती लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस जावे लागतात, आणि राहत्या घराला तीत जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, तर सामानाला एक लाख डॉलर एवढेच संरक्षण मिळते. आखातात वादळ दिसल्यावर पॉलिसी घेऊन काही साधत नाही.

आणि ती पॉलिसी घेतलेली होती किती जणांनी? ह्यूस्टन ज्या हॅरिस परगण्यात आहे तेथे पाणी शिरलेल्या घरांपैकी बहुसंख्य घरांना पूरविमा नव्हता. तो निष्काळजीपणा होता असे म्हणणे सोपे आहे, परंतु त्यांतील असंख्य घरे सरकारी नकाशातील पूररेषेच्या बाहेर होती. गृहकर्ज देणारी बँक पूरविम्याची सक्ती करते ती त्या रेषेच्या आतल्या घरांना. रेषेबाहेरच्या माणसाला बँकेने विचारले नाही, म्हणून त्याने विमा घेतला नाही. ॲडिक्स आणि बार्कर या ह्यूस्टनच्या पूरनियंत्रणासाठी बांधलेल्या सरकारी धरणांच्या वरच्या बाजूला तर जलाशयाचे पाणी जेथपर्यंत चढू शकते त्या जमिनीवर वसाहती उभ्या राहिल्या होत्या, आणि घर घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना याची कल्पनाच नव्हती. त्या रहिवाशांना आपल्या नुकसानीची जबाबदारी सरकारवर आहे एवढे न्यायालयाकडून वदवून घ्यायला डिसेंबर २०१९ उजाडला.

विमा नसलेल्यांना सरकार देते ती मदत किती? आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेच्या वैयक्तिक मदतीची त्या वर्षीची कमाल मर्यादा कुटुंबामागे ३३,३०० डॉलर होती, आणि कमाल मर्यादेपर्यंत फार थोडे पोहोचतात. तळमजल्याच्या भिंती छातीपर्यंत कापून काढणे, विजेच्या तारा बदलणे, फरशी उखडणे आणि महिनोन्‌महिने भाड्याने दुसरीकडे राहणे यांत एवढी रक्कम केव्हाच विरघळते. पुढचा आधार लघुउद्योग प्रशासन या सरकारी खात्याच्या आपत्ती कर्जाचा, जे नाव काहीही असले तरी घरमालकांनाही मिळते. ते कर्ज आहे, फेडावे लागते. भाडेकरूंचे तर घरच नसते, म्हणून त्यांच्या वाट्याला सामानापुरती मदत येते आणि घरमालकाने दुरुस्ती करून भाडे वाढवले की नवी जागा शोधणे येते.

तेल आणि किनारा यांचा संबंध संदेशकर्त्याला केवळ भावात दिसतो. पोर्ट आर्थरच्या पश्चिम भागात तो रोज हवेत दिसतो, कारण तेथील कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्या रिफायनऱ्यांच्या कुंपणाला लागूनच आहेत. रिफायनरी घाईने बंद करताना आणि पुन्हा सुरू करताना आतले वायू मशालीतून जाळून टाकावे लागतात आणि त्यांचा धूर याच वस्त्यांवर पसरतो. हार्वीच्या पावसाने ह्यूस्टन परिसरात तेलाच्या टाक्यांची, आतल्या तेलावर तरंगणारी छप्परे बुडाली आणि बेंझीनसारखी विषारी वाफ बाहेर पडली. ह्यूस्टनजवळच्या क्रॉस्बी येथील रासायनिक कारखान्यात वीज गेल्याने थंड ठेवावी लागणारी रसायने ३१ ऑगस्टला पेटली आणि आजूबाजूच्या सुमारे अडीच किलोमीटर परिसरातील लोकांना घरे सोडावी लागली. पोर्ट आर्थरमध्ये पूरग्रस्तांना ज्या नागरी सभागृहात आसरा दिला होता तेथेही रात्रीत पाणी शिरले. शेजारच्या बोमाँट शहराचा नळाचा पाणीपुरवठा बंद पडला. देशातील पेट्रोलचा मोठा भाग ज्यांच्या दाराशी तयार होतो त्यांनाच गाव सोडून जाताना, जनरेटर चालवताना आणि परतताना चढ्या भावाचे पेट्रोल घ्यावे लागले. यात चांदी कोठे आहे ते संदेशकर्त्याने दाखवावे. बांधकामाच्या ठेकेदारांना पुढची दोन वर्षे काम मिळाले हे खरे आहे, आणि आर्थिक आकडेवारीत ते वाढ म्हणून दिसतेही, पण ते पैसे घरमालकाच्या बचतीतून आणि कर्जातून गेलेले असतात.

राहिला मुंबईचा भाव. सप्टेंबर २०१७ च्या मध्याला मुंबईत पेट्रोल ७९.४८ रुपये लिटर झाले होते आणि तत्कालीन पेट्रोलियम मंत्र्यांनीही अमेरिकेतील वादळांकडे बोट दाखवले होते, त्यामुळे या दाव्याचे मूळ कोठे आहे ते उघड आहे. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. आपल्याकडील पेट्रोलचा मूळ दर कच्च्या तेलावर नव्हे तर तयार पेट्रोलच्या आंतरराष्ट्रीय भावावर ठरवला जातो आणि तो भाव हार्वीने काही आठवडे वर नेला. परंतु दिल्लीतील दर जुलैच्या आरंभापासून सुमारे सहा रुपयांनी वाढून ऑगस्टच्या अखेरीसच ६९ रुपयांच्या पुढे गेला होता, तेव्हा ह्यूस्टनच्या रस्त्यांवर पाणी नुकतेच चढू लागले होते. १३ सप्टेंबरला तो ७०.३८ रुपये होता, म्हणजे वादळाच्या खात्यावर फार तर शेवटचा रुपया-दीड रुपया टाकता येईल. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात पेट्रोलवरील केंद्रीय उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवून लिटरमागे ९.४८ रुपयांवरून २१.४८ रुपयांवर नेले होते. ही बारा रुपयांची वाढ संदेशात कोठेही नाही. ४ ऑक्टोबरपासून केंद्राने या शुल्कात दोन रुपयांची कपात केली आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनेही पेट्रोल दोन रुपयांनी स्वस्त केले.