मोहरी फुटली आणि घर गेलं

गेल्या रविवारी मला एका घराने नाकारलं. घर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं, दिनां गावापासून थोडं आत, दगडी भिंतींचं, निळ्या खिडक्यांचं. मालकीणबाईंची इमेल आली, दोनच ओळींची. दुसऱ्या ओळीचा अर्थ असा, की हे घर तुम्हाला मानवेलसं मला वाटत नाही. आमच्याकडे यालाच ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात. फरक एवढाच, की तिथे मुलाकडच्यांना निदान पोहे तरी मिळतात.

आम्ही राहतो नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला. आई-बाबा पुण्याहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेले. त्यांना आठवडाभर फ्रान्सला न्यायचं ठरलं. ब्रिटनी ठरली ती बाबांमुळे. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि सँ-मालोजवळ रांस नदीच्या मुखावर भरती-ओहोटीवर वीज तयार करणारं केंद्र आहे. १९६६ सालचं, २४ टर्बाइनं, २४० मेगावॅट. “आमच्या कोयनेच्या १९६० मेगावॅटपुढे किरकोळच,” बाबा म्हणाले, “पण बघून यायला हरकत नाही.” हे वाक्य ते एरवी लांबच्या नातेवाइकाच्या बंगल्याबद्दल बोलतात.

मग घरं बघायला बसलो. फ्रान्समध्ये खेड्यातलं असं भाड्याचं घर म्हणजे ‘झीत’. आईने पहिल्याच दिवशी त्याचं ‘जीत’ करून टाकलं. त्यातल्या एका जुन्या संघटनेच्या घरांना ताऱ्यांऐवजी गव्हाच्या ओंब्या मिळतात, एक ते पाच. हॉटेलच्या ताऱ्यांवर आईचा कधीच विश्वास नव्हता. ओंबीवर लगेच बसला. “चार ओंब्यांचं बघ,” ती म्हणाली, जशी काही आम्ही शेतीच घेत होतो. पण ओंबीवाली सगळी घरं हिवाळ्यातच लोकांनी धरून ठेवलेली. तिथली माणसं ऑगस्टच्या सुट्टीचा विचार जानेवारीत करतात. आपण ऑगस्टचा विचार जुलैत करतो आणि जानेवारीचा ३१ डिसेंबरला.

जी उरली होती, त्यांच्या जाहिराती वाचणं हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. उन्हाळ्यात घर मिळतं ते शनिवार ते शनिवार. बुधवारी जातो म्हटलंत तर तुम्हाला घर बघायचंच नाही, असं समजतात. त्यामुळे सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर. त्या गर्दीचा अंदाज सांगायला सरकारचा एक चतुर गवा आहे. खरंच, ‘बिझाँ फ्यूते’ नावाचा. तो दिवसांना रंग देतो: हिरवा, नारिंगी, लाल, काळा. ऑगस्टचा पहिला शनिवार बहुतेक काळाच. चादरी बऱ्याचदा भाड्यात नसतात. शेवटची साफसफाई वेगळी, अनामत वेगळी, वर दर मोठ्या माणसामागे दर रात्रीचा पर्यटन कर. समुद्राचेही दोन प्रकार: ‘समुद्र दिसतो’ आणि ‘समुद्राची झलक’. झलक म्हणजे न्हाणीघराच्या खिडकीतून, स्टुलावर उभं राहिल्यावर. शिवाय ‘समुद्र ३०० मीटरवर’ हे सकाळी खरं आणि दुपारी खोटं असू शकतं, कारण त्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी बारा मीटरपेक्षा जास्त चढतं आणि ओहोटीला पार क्षितिजाकडे चालू लागतं. बाबांचं बालपण गुहागरचं. “समुद्र जातो कुठे?” ते पुन्हा पुन्हा विचारत होते. त्यांना हा निष्काळजीपणा वाटला.

शेवटी हे निळ्या खिडक्यांचं घर सापडलं. परवडणारं, चादरींसकट, वॉशिंग मशीन असलेलं (बायकोची एकमेव अट). मी मागणी टाकली. उत्तर आलं, की मादाम आधी फोनवर बोलू इच्छितात.

इथे माझ्या फ्रेंचबद्दल सांगायला हवं. अकरावी-बारावीला मी फ्रेंच घेतलं ते पुण्यातली हुशार मुलं ज्या कारणासाठी घेतात त्याच कारणासाठी, म्हणजे मार्कांसाठी. १०० पैकी ९२ पडले. त्या जोरावर मी आजही पॅरिसच्या स्टेशनवर आपली पेटी हरवल्याचं निर्दोष व्याकरणात सांगू शकतो. पण पेटी कधी हरवतच नाही. विचारतात ते भलतंच.

रविवारी अकराला फोन लागला. स्पीकरवर टाकला, कारण आईला ऐकायचं होतं. तिला फ्रेंच येत नाही. पण तिला त्याची गरज वाटत नाही. मादाम सत्तरीच्या असाव्यात; आवाज निवृत्त मुख्याध्यापिकेचा. किती माणसं? पाच. लहान मूल? नऊ वर्षांचं. रात्री ओरडतं का? नाही. (दिवसाचं त्यांनी विचारलं नाही.) मग एक छोटासा श्वास घेऊन त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही स्वयंपाक काय करणार?”

“साधाच,” मी म्हणालो. “भात, भाज्या, डाळ.”

“तळण?”

“काय म्हणतेय?” आई.

“तळण करणार का, विचारतायत.”

“सांग, तळण नाही. सुट्टीत कोण तळत बसतंय. नुसती फोडणी.”

इथे मी ‘नाही’ म्हणून थांबायला हवं होतं. पण ९२ मार्कांचा माज असतो. फोडणीला फ्रेंच शब्द नाही, तेव्हा मी वर्णन करायला घेतलं. थोडंसं तेल तापवायचं. त्यात मोहरी टाकायची. ‘दाणे’ हा शब्द ऐन वेळी आठवला नाही. फुटते, तडतडते, यातलं एकही क्रियापद बारावीला नव्हतं. जे होतं ते वापरलं. म्हणालो, “मग मोहरीचा स्फोट होतो.”

पलीकडे शांतता.

“मुतार्दचा?” मादाम म्हणाल्या. फ्रान्समध्ये मुतार्द म्हणजे बरणीतली पिवळी चटणी, दिजाँ शहराच्या नावाने विकतात ती. म्हणजे बाईंच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल बघा: त्यांचं स्वयंपाकघर, त्यांची चुन्याची भिंत, आणि पाच भारतीय गॅसवर मोहरीची बरणी ठेवून लांब उभे.

“लहानसा स्फोट,” मी म्हणालो. “रोज होतो.”

“रोज!”

“काय झालं?” आई. “अरे, तिला सांग, आपण वर झाकण ठेवतो.”

मी सांगितलं, की स्फोटावर आम्ही झाकण ठेवतो. त्याने काही सुधारलं नाही.

मग त्यांनी विचारलं, आणखी काय घालता त्यात? हळद सांगितली, ती त्यांना माहीत होती, आणि ओटा पांढरा आहे, असं त्या लगेच म्हणाल्या. हिंग अडला. मोबाइलवर शोधला. फ्रेंचमध्ये हिंगाला ‘आझ फेतीद’ म्हणतात. यातला फेतीद म्हणजे दुर्गंधी. म्हणजे वकिलाने उभं राहून पहिल्याच वाक्यात आपल्या अशिलाला दरोडेखोर म्हणायचं, तसं. माझ्या तोंडून ते निघून गेलं होतं.

मादाम सौम्यपणे म्हणाल्या, की भिंती जुन्या आहेत, वास धरून ठेवतात. एकदा कुणीतरी ‘क्युरी’, म्हणजे करी, केली होती, पडदे तीनदा धुवावे लागले. आणि मग आमच्या मुलाला समुद्रकिनारा खूप आवडेल, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी इमेल.

हसू येतं, पण मला राग आलाय आणि तो अजून गेलेला नाही. त्यांच्याच जाहिरातीत स्वयंपाकघराच्या फोटोत शिनाणे उकडायचं भलंमोठं काळं पातेलं आहे. खाली लिहिलंय, जवळच्या कांकालहून ताजी कालवं आणा आणि घरी निवांत खा. कालवं खाल्लेल्या भिंती काय, दुसऱ्या दिवशी विसरतात? समुद्राचा वास म्हणजे निसर्ग आणि हिंगाचा वास म्हणजे नुकसान! चादरींचे पैसे घ्या, साफसफाईचे घ्या, पडदे धुवायचेही घ्या, मी देतो. पण ‘तुम्हाला मानवणार नाही’ काय? माझी काळजी कशाला?

हे सगळं मी जेवताना मोठ्या आवाजात बोललो. बाबा म्हणाले, “म्हणजे जीत नाही, हार झाली,” आणि स्वतःच हसले. आई हसली नाही. आमटी वाढता वाढता म्हणाली, “बाईचं चुकलं काय? पडदे तिलाच धुवायचे आहेत. मी पण विचारलंच असतं.”

विचारते. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्या ती भाड्याने देते आणि माझ्या लहानपणापासून तिचा पहिला प्रश्न ठरलेला: “तुमच्यात चालतं का?” गेल्या वर्षी रत्नागिरीच्या एका जोडप्याला तिने परत पाठवलं. “यंदा जागा द्यायचीच नाहीये,” असं त्यांना सांगितलं. खरं कारण बांगडा. तिने ते मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी ‘हं’ म्हणालो होतो आणि विषय बदलला होता. आमटी चांगली झाली होती. हिंग जरा जास्त होता.

आता पर्याय म्हणून बायकोने एका कॅम्पसाइटवरचं चाकांचं घर हेरलंय. तिथे पोहण्याचा तलाव आहे, पण नियम असा, की पुरुषांनी सैल हाफपँट घालून उतरायचं नाही, अंगासरशी घट्ट चड्डीच हवी. फ्रान्समध्ये बऱ्याच तलावांना हा नियम आहे, स्वच्छतेच्या नावाखाली. चिरंजीव लाजेने लाल झाले. बाबा मात्र खूश. ते विहिरीत पोहायला शिकले ते लंगोटावर. “चालेल ना?” ते विचारतात. कॅम्पसाइटला फोन करून हे फ्रेंचमध्ये विचारायची माझी तयारी नाही.

आणि काल मादामची दुसरी इमेल आली. तो आठवडा रिकामाच राहिलाय. त्यांनी विचार केला. आम्ही आलो तर त्यांना आनंदच होईल, फक्त ‘स्फोट’ बाहेर बागेत करावा. सफरचंदाच्या झाडाखाली बार्बेक्यूची शेगडी आहे.

मी ताडकन म्हणालो, मुळीच जायचं नाही. काही स्वाभिमान आहे की नाही? आईने चष्मा लावून फोटोतली शेगडी मोठी करून बघितली.

“तिकडे ऑगस्टातही पाऊस पडतो म्हणे,” ती म्हणाली. “शेगडीवर पत्रा आहे का, ते विचार.”

कोश काढून पाहिला. पत्र्याला फ्रेंचमध्ये ‘तोल’ म्हणतात. तो सांभाळून उत्तर लिहायला बसलोय. तीन मसुदे खोडून झाले.