मेंदू कॉम्प्युटर नाही, आणि तुमच्या मुलाची ‘रॅम’ही कमी नाही

आमच्या मालवणकडच्या पालकांच्या ग्रुपांवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘मेंदू म्हणजे कॉम्प्युटरच. आठवणी त्यात फाइलींसारख्या साठतात, आपण तो १० टक्केच वापरतो, आणि कॉम्प्युटर बनवला तोही मेंदू बघूनच.’ तो वाचून सातवीतल्या एका मुलाच्या आईने मला विचारलं, “सर, ह्याची मेमरीच कमी आहे काय ओ?” तिचा चेहरा पाहून राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

१० टक्क्यांचं आधी उरकतो. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराची जवळजवळ २० टक्के ऊर्जा तो खातो. झोपेतही तो चालूच असतो. रिकाम्या खोल्यांसाठी एवढं भाडं कोण भरेल?

आता फाइली. फाइल शंभरदा उघडा, अक्षर हलत नाही. आमच्या वाडीतले तांडेल (होडीचे प्रमुख) २००९ च्या फयान वादळाची हकिगत सांगतात, तेव्हा कधी दोर आधी तुटतो, कधी इंजिन आधी बंद पडतं. ते खोटं बोलत नाहीत. आठवण काढताना आपण ती नव्याने जुळवतो. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी हे १९३२ मध्येच दाखवलं होतं.

खरा घोळ तिसऱ्या मुद्द्यात आहे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी कॉम्प्युटरच्या १९४५ च्या आराखड्यात चेतापेशींची उपमा वापरली, हे खरं. पण त्याआधी १९३६ मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी जे यंत्र कल्पिलं, ते कागद-पेन्सिल घेऊन नियमाने आकडेमोड करणाऱ्या माणसावर बेतलेलं होतं. तेव्हा ‘कॉम्प्युटर’ हे त्या माणसाच्याच कामाचं नाव होतं. म्हणजे नक्कल झाली ती मेंदूची नाही, आपल्या विचाराच्या एका पद्धतीची.

ती पद्धत आपल्या किनाऱ्यावर रोज दिसते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हे मशीनला एका ओळीत शिकवता येतं. पण रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे टाकायची, हे तांडेल पाण्याचा रंग, वारा आणि पाखरांची झेप एकदम बघून ठरवतात. नियम विचारला तर त्यांनाही सांगता येत नाही.

त्या सातवीतल्या मुलाला पाढे अडतात. पण परवा बंदरावर त्याने पाण्याकडे बघून मला म्हटलं, “सर, आज भांग हा, पाणी वर येवचा नाय.” भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती. मी घरी येऊन कालनिर्णय उघडलं. अष्टमी होती.