फी ठरलेली, वेळ तुमचा

रात्री 2 ला पोलीस ठाण्यातून फोन. इंग्लंडात आरोपीसाठी सरकारी फीवर काम करणारा सॉलिसिटर (म्हणजे अशिलाचं काम थेट हाती घेणारा वकील) धडपडत पोचतो, आणि मग नुसतं ताटकळणं! दुभाष्याचा पत्ता नाही, आरोपीला तपासायला डॉक्टर आलेला नाही, तपास अधिकारी जेवायला. 2 तास बसा नाहीतर 6, फी तेवढीच. जादा हवी? मग तासांचा हिशेब ठरलेल्या रकमेच्या खूप वर जाऊ द्या!

2014 ला या सरकारी फीला 8.75 टक्क्यांची कात्री मात्र एका फटक्यात. 2021 च्या बेलामी अहवालाने, म्हणजे याच सरकारी फीच्या स्वतंत्र आढाव्याने, किमान 15 टक्के वाढ सुचवली. 2022 ला सॉलिसिटरांच्या पदरात एकूण तेवढे पडलेच नाहीत. कोर्टात उभे राहून खटले लढवणाऱ्या बॅरिस्टरांनी त्याच वर्षी बेमुदत संप केला, तेव्हा कुठे त्यांची 15 टक्के वाढ बहुतेक प्रलंबित खटल्यांनाही लागू झाली. म्हणजे कोर्ट बंद पाडल्याशिवाय सरकारला ऐकूच येत नाही? आणि वर विचारणार, तरुण वकील फौजदारीकडे का फिरकत नाहीत!