कसारा घाट, दुपारचे चार आणि अर्धशिशीचा फॉरवर्ड

पावसाळा तोंडावर आला की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो: हवेचा दाब घटला की मेंदू फुगतो आणि मायग्रेन उठतं, फोनवर दाब बघा, ५ ने उतरला की दुखण्याआधीच गोळी घ्या, नाहीतर सायनस समजून वाफ घ्या. दाबाचा काही संबंध असू शकतो, एवढंच यात घेण्यासारखं आहे.

मेंदू फुगण्याचं आधी. फॉरवर्डमधले ५ म्हणजे ५ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक), पाऱ्याचे जेमतेम ४ मिलिमीटर. जोरात खोकलं तरी कवटीतला दाब क्षणभर याहून जास्त चढतो. मायग्रेनमध्ये ट्रायजेमिनल ही चेहऱ्या-डोक्याची नस चेतते, तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं आणि ठणका सुरू होतो. दाब उतरवल्यावर उंदरांच्या तोल सांभाळणाऱ्या मज्जापेशी चाळवल्याचं प्रयोगांत दिसलंय. माणसांवरच्या काही अभ्यासांत संबंध आढळतो, काहींत नाही.

आता ते '५ ने उतरला'. आपल्याकडे निरभ्र दिवशीही सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत ३-४ हेक्टोपास्कलने उतरतो. रोज! कसाऱ्याहून इगतपुरीला गाडी अर्ध्या तासात सुमारे ३०० मीटर चढते, म्हणजे दाब तीसेकने घटतो. फॉरवर्ड खरा असता तर पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईहून रोज नाशिकला परतणाऱ्यांची डोकी रोज इगतपुरीलाच धरली असती.

फोनमध्ये तर आणखी घोळ. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणून फोनमधला सेन्सर ९४०-९४५ दाखवतो. हवामानाचं अ‍ॅप तोच दाब समुद्रसपाटीला किती भरला असता याचा हिशेब करून १००५-१०१० सांगतं. दोन्ही बरोबर, पण सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा पाहिला की साठेकची 'घट' निघते. दहाव्या मजल्यावर गेलात तरी ३ ने कमी.

सर्वांत घातक सल्ला आगाऊ गोळीचा. साधी वेदनाशामक महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान (खास मायग्रेनवरची औषधं) किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. जून ते सप्टेंबर ढग पाहून गोळी घेणारा सहज तिथे पोचतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी ठणका सुरू होताच घ्यावी. उशीर केला तर जठर मंदावतं आणि ती पोटात पडून राहते.

सायनसचं थोडक्यात: घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, ताप, वास न येणं असेल तर सायनस. मळमळ, उजेड नकोसा, चाललं की वाढणारं, ४ ते ७२ तासांत ओसरणारं दुखणं बहुधा मायग्रेनच, नाकातून पाणी आलं तरी. क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं किंवा हातपाय लुळे पडणं, तर थेट रुग्णालय.

तुमच्यावर दाबाचा परिणाम होतो का, हे तीन महिन्यांच्या वहीत कळेल. रोज सकाळी ८ वाजता, एकाच जागी, एकाच साधनावर दाब लिहा. सोबत झोपेचे तास, जेवणाची वेळ, चहा, पाळी. श्रावणात दाब तसाही खाली असतो आणि सोमवारचे उपासही तेव्हाच. त्र्यंबकेश्वरला श्रावणात होणाऱ्या ब्रह्मगिरीच्या फेरीत जागरण, उपाशी पोट आणि चाल एकदमच येतात, त्यामुळे या नोंदी हव्यातच. न दुखलेले दिवसही लिहा. मग कालच्यापेक्षा दाब ५ ने उतरलेल्या दिवसांपैकी किती दिवस दुखलं आणि बाकीच्यांपैकी किती, ही दोन प्रमाणं शेजारी मांडा.