कूलर बंद, गेम चालू

अमळनेरात एप्रिलच्या भरदुपारी कूलर बंद करायला सांगणं म्हणजे घरात फूट पाडणं. पण वाऱ्याचा झोत लागला की सोल्डरिंगचं टोक गार होतं, टाका धरत नाही. बटण बंद केलं, तसं अण्णांनी पेपरातून डोकं वर काढलं. "कारखाना काढायचा तर एमआयडीसीत जा."

माळ्यावरचा जुना टीव्ही गेम हातात धरून खेळता येईल असा करायचा, एवढाच बेत. नव्वदच्या दशकात घरोघरी असलेला हा डबा म्हणजे जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉम या टीव्ही गेमची नक्कल. उघडला तर आत बहुतेक हवाच. तळहाताएवढी सर्किटची पाटी, तिच्यावर डांबरासारखा काळा ठिपका, अख्खी मशीन त्या ठिपक्याखाली. एवढा मोठा खोका बहुधा बापाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत म्हणूनच.

कटकट विजेची. ॲडॉप्टरमधून येतात ९ व्होल्ट, चिपला लागतात ५. मधला ७८०५ रेग्युलेटर वरचे ४ व्होल्ट उष्णता करून उधळतो. खान्देशात, एप्रिलमध्ये, आणखी उष्णता! उपटलाच त्याला. त्याच्या जागी १८६५० चा लिथियम सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, माप नावातच) आणि ३.७ चे ५ व्होल्ट करणारा बूस्टर. स्क्रीन गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची, ४.३ इंची, गेमची पिवळी एव्ही तार तिला बिनतक्रार चालते. कंट्रोलरच्या पाच तारा जोडत होतो, तेवढ्यात शेजारचे काका दारात.

"काय करी ऱ्हायना भो?"

"गेम लहान करतोय, काका."

"मोबाईलमा फुकट येस ना तो!"

हा प्रश्न या छंदातल्या प्रत्येकाला गिळावाच लागतो. मी घामासकट गिळला.

बॉडीसाठी आईचा काळ्या मसाल्याचा प्लास्टिकचा डबा मिळाला. तीनदा धुतलेला, तरी गरम गोंदाची बंदूक लावली की मसाला जागा व्हायचा. आता खेळताना शिंक येते, आणि नेमकी मारिओ खड्ड्यावरून उडी मारत असताना. वरून कॅसेट वीतभर बाहेर. तिच्यावर लिहिलंय '९९९९ इन १'. आत तेच मूठभर गेम नावं बदलून फिरतात. खिशात मावायचं तर सोडाच, हा ऐवज पिशवीतही तिरपा बसतो.

तरी मिरवायला म्हणून जळगावला जाताना पॅसेंजरमध्ये काढला. समोरच्या फेटेवाल्या बाबांनी बराच वेळ निरखलं.

"मोबाईल चार्ज व्हस का यावर?"

बूस्टरला यूएसबीचं तोंड आहे, त्यामुळे खोटं बोलता येईना. बाबांनी वायर खोचली. सेल दोन्हीकडे पुरेना, स्क्रीन लुकलुकायला लागली, म्हणून गेम बंद केला. धरणगाव गेलं तरी मी डबा मांडीवर धरून त्यांचे टक्के चढताना बघत होतो.

उतरताना बाबा म्हणाले, "पावर बँक चांगली शे. पन इतली बटनं कसाले?"