पोटातले मुद्रणदोष

ज्या माणसाचे पोट दुसऱ्यांच्या लेखनातील चुका काढण्यावर चालते, त्याच्याच पोटात शुद्धलेखनाचा कसलाही विधिनिषेध नसलेला जिवाणू वस्तीला यावा, हा योगायोग म्हणायचा की सूड, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दुर्बीण घशाखाली घालून डॉक्टरांनी माझ्या जठराच्या अस्तराचा एक कण खुडून काढला, तो पिवळसर चकतीवर ठेवला, आणि थोड्याच वेळात ती चकती कडेपासून गुलाबी होत गेली. डॉक्टर समाधानाने म्हणाले, "आहे!" इतक्या आनंदाने माझ्याविषयी काही सांगितले गेल्याचे मला आठवत नाही.

जो 'आहे' तो हेलिकोबॅक्टर पायलोरी. युरिएज नावाच्या विकराने तो युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतो. त्या अमोनियानेच चकतीचा रंग पालटतो, आणि जठराच्या तीव्र आम्लात स्वतःभोवतीचा टापू सौम्य करून तो सुखाने नांदतो तेही त्याच्याच जोरावर. जगातील जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात तो असतो असे मानले जाते, त्यामुळे आजारपणात मिरवायला काही वेगळेपण लागते, तेही माझ्या वाट्याला आले नाही. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ साली हा जिवाणू मुद्दाम पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणली आणि पुढे २००५ साली रॉबिन वॉरन यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मी तोच पराक्रम नकळत केला, तर हाती गोळ्यांची यादी आली.

गोळ्यांकडे वळण्यापूर्वी माझ्या शरीराने आपल्या परीने लढून पाहिले होते, हे नमूद करणे भाग आहे. जंतूचा सुगावा लागताच पांढऱ्या पेशी जठराच्या अस्तराकडे धाव घेतात आणि अतिक्रियाशील ऑक्सिजनच्या संयुगांचा मारा सुरू करतात. या माऱ्याने जिवाणूच्या डीएनएमधील अक्षरे बिघडतात, कधी त्याचे दोन्ही धागे तुटतात, आणि दोन्ही धागे तुटणे म्हणजे कोणत्याही जिवाणूचे प्राणसंकट. (माझ्या स्वतःच्या पेशींनाही हा मारा सोसावा लागतो, पण ती तक्रार कोणाकडे करणार?) हा इसम मात्र मरत नाही. अ‍ॅडएबी नावाची प्रथिनांची जोडी तुटलेली टोके हुडकून साफ करते, मग रेकए नावाचे प्रथिन त्याच मजकुराची दुसरी प्रत शोधते आणि तिच्याबरहुकूम तुटलेला भाग पुन्हा सांधला जातो. ही यंत्रणा बिघडवलेले जिवाणू उंदरांच्या जठरात नीट तग धरू शकत नाहीत, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे माझ्या आत रात्रंदिवस दुरुस्तीचे काम चालू होते, आणि त्यातली एकही दुरुस्ती माझी नव्हती.

इथवर मी त्याच्याबद्दल थोडा आदर बाळगून होतो. तो उडाला पुढच्या माहितीने. डीएनएची नक्कल करताना चुकीचे अक्षर पडले तर ते हेरून बदलणारी व्यवस्था बहुतेक जिवाणूंमध्ये असते; आतड्यातील साध्या ई. कोलायकडेसुद्धा ती आहे. हेलिकोबॅक्टरकडे ती नाहीच! सुमारे १६ लाख अक्षरांचा ग्रंथ, १९९७ साली शास्त्रज्ञांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचून काढलेला, आणि पदरी मुद्रितशोधक नाही. फाटलेली पाने हा गृहस्थ निष्ठेने चिकटवतो, पण त्यांवर काय छापले आहे याची त्याला फिकीर नसते. एवढ्यावरही भागत नाही. डीएनएला इजा झाली की इतरांचा डीएनए आत ओढून घेण्याची त्याची यंत्रणा अधिक जोमाने चालू लागते, आणि शेजारच्या जिवाणूंना फोडू शकणारे एक विकरही तो जास्त प्रमाणात बनवतो. वाङ्मयचौर्य मी अनेक प्रकारचे पाहिले आहे; त्यासाठी मूळ लेखकाला फोडून काढणारा हा पहिलाच.

माझा व्यावसायिक संताप औषधांच्या पहिल्या कोर्सनंतर अनावर झाला, कारण तो कोर्स फुकट गेला. त्यातल्या क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देण्यासाठी या जिवाणूला ठरावीक जागी एका अक्षराची चूक पुरते. मेट्रोनिडाझोलची कथा तर याहून संतापजनक आहे. हे औषध आत शिरते तेव्हा निरुपद्रवी असते. जिवाणूचेच एक विकर त्याला विषारी रूप देते आणि मग ते डीएनएच्या चिंधड्या उडवते. पण त्या विकराच्या जनुकात मुद्रणदोष राहिला की विषच तयार होत नाही. जी चूक मी हातून सुटू दिली असती तर माझे मानधन कापले गेले असते, त्याच चुकीवर याला जीवदान मिळते.

दुसऱ्या खेपेला चार औषधे एकदम आली: आम्ल रोखणारे एक, बिस्मथ, टेट्रासायक्लिन, आणि पुन्हा मेट्रोनिडाझोल, वाढीव मात्रेत, १४ दिवस. तोंडाला सतत धातूची चव होती. बिस्मथचा लाळेतील गंधकाशी संयोग होऊन जीभ काळी पडते, हे मला आधी सांगितले होते. तरीही आरशात ती प्रथम पाहिल्यावर मी तोंड मिटून पुन्हा उघडून पाहिले. त्या काळात लेखकांशी मी केवळ लेखी संपर्क ठेवला.

पुढे किमान चार आठवडे थांबून श्वासाची चाचणी करायची असते. कार्बन-१३ असलेला युरिया पिऊन पिशवीत फुंकायचे. जिवाणू उरला असेल तर तो युरिया फोडतो आणि तो कार्बन श्वासातून बाहेर येतो. मी फुंकले. अहवालात काही निघाले नाही. छातीतली जळजळ मात्र होती तशीच असल्याचे मी सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी अहवालावरून नजर न काढता उत्तर दिले, "ती त्याची नसावीच."