प्रतिक्रियेला उत्तर: एबीसी इंजिन थंड ठेवून बसत नाही

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की नवी गाडी पहिले हजार किलोमीटर बेताने चालवतात. मग मॉडेल विमानाचं नवं ४६चं (०.४६ घनइंचाचं) इंजिन पहिल्याच टाकीत तापवायला का सांगता? निदान दोन टाक्या ते भरपूर रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त), तेल ओकत चालू द्यावं.

रिंगवाल्या (पिस्टनभोवती धातूची कडी असलेल्या) मॉडेल इंजिनाबाबत तुमचं म्हणणं बरंचसं मान्य आहे. एबीसीबाबत (ॲल्युमिनियम, ब्रास, क्रोम यांची आद्याक्षरं) अजिबात नाही.

गाडीचा सिलिंडर वरपासून खालपर्यंत एकाच व्यासाचा असतो आणि कॉम्प्रेशन धरतात रिंगा. होनिंगच्या (सिलिंडर आतून घासून घेताना उमटलेल्या) तिरप्या रेघांवर घासून त्या बसतात, मागे शिरलेला वायू त्यांना भिंतीवर दाबतो. म्हणून तिथेही नुसतं रांगणं उपयोगाचं नाही; आरपीएम बदलता ठेवून मध्यम लोड द्यावा लागतो.

एबीसीत रिंगच नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळी लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), त्याला आतून क्रोम. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो. चालताना तेच टोक सगळ्यात जास्त तापतं, फुगतं आणि बोअर जवळजवळ सरळ होतो. फोर-स्ट्रोकिंग करत (अति रिच असल्याने एक फेरी सोडून पेट घेत) थंडच ठेवलं तर लायनर फुगतच नाही. पिस्टन प्रत्येक फेरीला त्या अरुंद जागेत ठोकला जातो, फिट झिजतो, कनेक्टिंग रॉडवर फुकटचा ताण येतो. सायलेन्सरमधून राखाडी तेल येऊ लागतं. बोटांत चोळलं की चमक दिसते. ती धातूची भुकटी. असं इंजिन पुढे गरम झाल्यावर कॉम्प्रेशन धरत नाही.

तापवायचं म्हणजे लीन (इंधन कमी, हवा जास्त) करायचं नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. गाडीला संपमधून (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतून) वेगळं तेल मिळतं; इथे तेल इंधनातूनच येतं, त्यामुळे लीन झालं की उष्णता वाढते आणि तेलही कमी पडतं. इंधनात १८ ते २० टक्के तेल हवं, त्यात थोडं एरंडेल.

११×६ ऐवजी १०×६ (इंचांत व्यास × पिच) प्रॉपेलर लावा. इंजिन फारच आवळ असेल तर आधी हेअर ड्रायरने चांगलं गरम करा, मगच स्टार्टर लावा. नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) साधारण तीन फेरे उघडी ठेवून चालू करा, थ्रॉटल पूर्ण द्या आणि नीडल हळूहळू आत घ्या. भसाडा आवाज जाऊन टू-स्ट्रोकचा सलग सूर लागला की तिथेच थांबा. इंधनाची नळी क्षणभर चिमटीत धरली तर आरपीएम चढला पाहिजे. लगेच पडला तर तुम्ही लीन आहात. दोन-तीन मिनिटांनी बंद करा, पिस्टन खाली आणून ठेवा (वर राहिला तर आकसणारा लायनर त्याला आवळून धरतो) आणि पूर्ण थंड होऊ द्या. असं पाच-सहा वेळा. मग काही सेकंद पीकला (सर्वाधिक आरपीएमला) न्या. आरपीएम ढासळला नाही तर उडवायला हरकत नाही, पण पहिल्या काही उड्डाणांना पीकपेक्षा ३०० ते ५०० आरपीएम खालीच ठेवा.

तुमचं इंजिन कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ग्लो प्लग काढून थंड इंजिनाचा प्रॉपेलर हाताने फिरवून पाहा. टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असताना) घट्ट अडकत असेल तर वरची पद्धत वापरा. सगळीकडे सारखाच मोकळा फिरत असेल तर बहुधा रिंग आहे. मॅन्युअलमध्ये खात्री करा आणि तुमच्याच पद्धतीने रिच, पण थोडा थोडा वेळ चालवा.